माळ्याखालचं स्टूल

अगं, काल व्हिडिओ कॉलवर तू मला आकाशकंदील दाखवत होतीस, पण माझं लक्ष तुझ्या मागे होतं. स्वयंपाकघराच्या दारात, माळ्याच्या बरोबर खाली स्टूल ठेवलेलं आणि ओट्यावर फराळाचा मोठा पितळी डबा. तो डबा तूच काढलास, हे मला न विचारता कळलं. शेजारी तुझ्या सासूबाई बसल्या होत्या म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचवा महिना संपत आलाय तुझा. म्हणून हे लिहून पाठवतेय. दुपारी सगळे झोपले की निवांत वाच.

आधीच सांगते, 'काही करू नकोस, नुसती पडून राहा' असं मी म्हणणार नाहीये. तसं सांगणारी माणसं तुला भेटतीलच, आणि 'आम्ही नववा भरेपर्यंत नदीवर धुणं धुतलं' असं सांगणारीही भेटतील. दोघांचाही जीव असतो तुझ्यावर, पण तुझा रिपोर्ट दोघांनीही वाचलेला नसतो. सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाईने हालचाल करायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. केर काढणं, कपड्यांच्या घड्या घालणं, भाजी निवडणं, पोळ्या लाटणं हे सगळं खुशाल कर. काम करताना बोलता येतंय का, एवढं बघत जा. बोलताना धाप लागली की हातातलं खाली ठेवायचं आणि बसायचं.

पण त्याआधी एक काम कर. नुकतीच झालेली सोनोग्राफीची फाईल घेऊन डॉक्टरांना सरळ विचार, 'वार कुठे आहे? मी वाकून काम केलं तर चालेल का?' वार खाली असेल, मध्ये कधी लाल गेलं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा जुळं असेल, तर मी पुढे लिहिलेलं बरंचसं तुला लागू होणार नाही. मग डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं, दिवाळी असो नाहीतर घरात लग्न असो.

आता त्या स्टुलाचं. या दिवसांत शरीरातले सांधे सैल पडतात. बाळंतपणात कंबरेची हाडं मोकळी व्हावीत म्हणून शरीर आधीपासूनच ती तयारी करतं, पण त्यात घोटे आणि गुडघेही थोडे ढिले होतात. पोट पुढे येतं तसा अंगाचा तोलही पुढे सरकतो. तुझ्या पायांना मात्र अजून जुन्याच तोलाची सवय आहे. त्यात वर बघत हात उंचावले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, कारण याच महिन्यांत बीपी थोडं उतरलेलं असतं. जाळीजळमटं, पंखे, माळा, पडद्याच्या दांड्या, खिडकीवरच्या काचा, यांतलं काहीही यंदा तुझ्या वाट्याचं नाही. या एका बाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

हात वर करून कपडे वाळत घातले की बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते असं कुणीतरी म्हणेल. तसं नसतं. बाळ पोटात फिरतं, कोलांट्या घेतं, त्यात कधी नाळेचा वेढा बसतो, तुझ्या हातांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तेव्हा असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. फक्त टाचा उचलून दोरीपर्यंत पोचायचं नाही. दोरी खाली बांधून घे, नाहीतर स्टँड वापर.

तुला कधी नीट सांगितलं नाही, पण मी सातव्यात पडले होते. आईलाही पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. नरकचतुर्दशीचा दिवस. पहाटे सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या होत्या आणि माझी आधीच झालेली. मोरीत तेल आणि उटणं सांडलेलं, फरशी बुळबुळीत. बंबातलं कढत पाणी बादलीत काढून मी ती उचलली आणि वळले. वळताना पाय सरकला. कुशीवर पडले, पोटाला मोरीचा कट्टा लागला. पाणी अंगावर आलं नाही, हे नशीब. कुठे खरचटलं नाही, दुखतही नव्हतं, म्हणून मी उठून करंज्या वाढायला गेले. दोन तासांनी नणंदेने मला भिंतीला धरून उभी असलेली पाहिलं आणि रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं. पोटावर मार बसला की वार सुटू शकते, आणि ते कधी कधी काही तासांनी लक्षात येतं, म्हणून बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकत होते. माझा रक्तगट निगेटिव्ह, त्यामुळे एक वेगळं इंजेक्शनही द्यावं लागलं. तुझा रक्तगट कुठला आहे? निगेटिव्ह असेल तर हे लक्षात ठेव. पडलीस, पोटाला लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लेक सुखरूप झाली, आता नववीत आहे, तुझ्या खांद्याला लागते. पण त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकच विचारलं होतं, 'बादली तुम्ही का उचललीत?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात चार धडधाकट माणसं होती. सणाच्या दिवशी कुणाला हाक मारून उठवायचं कसं, एवढंच माझ्या मनात होतं. काम जड नव्हतं गं मला, हाक मारणं जड होतं.

तुझंही तेच होतंय, मला ठाऊक आहे. तो डबा नवऱ्याला सांगून काढता आला असता. तू सांगितलं नाहीस.

वजनाचं बोलायचं तर आकडे लक्षात ठेव म्हणजे मोह होणार नाही. 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच 14.2 किलो असतो आणि रिकामी टाकी जवळपास तेवढीच, म्हणजे सगळं मिळून 30 किलोच्या आसपास. तो उचलायचा नाही आणि पायाने ढकलून सरकवायचाही नाही. पाणी लागलंच तर पाव बादली, तेही मगने काढून. खालचं काही उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघे दुमडून खाली जा, वस्तू छातीजवळ घे आणि मग उठ. उचललेल्या वस्तूसकट कंबर पिळून वळायचं नाही, पावलं टाकून वळायचं. मी वळले तशीच पडले होते.

फरशी पुसण्याबद्दल तुझ्या सासूबाई म्हणतात ते मी ऐकलंय, उकिडवं बसून पुसलं की बाळंतपण सोपं होतं. उकिडवं बसणं वाईट नाही, मांड्यांना बळ येतं. पण त्याने सिझर टळेल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. हवं तर एखादी खोली पूस, भिंतीचा आधार घेत सावकाश उठ. पण जेवल्या जेवल्या नको, वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं. बाकीच्या घराला लांब दांड्याचा पोछा आहे, आणि पुसलेल्या ओल्या फरशीवरून लगेच चालायचं नाही.

फराळाचा मला जास्त घोर आहे. चकलीचा घाणा म्हटला की तीन तास कुठे जातात कळत नाही. इतका वेळ एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, पोटऱ्या ठणकतात, पाय सुजतात, चक्कर येते. त्यात गॅसची धग. ओट्यापाशी एक बुटका पाट ठेव, आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवत जा, कमरेला खूप आराम पडतो. अर्ध्या तासाने खुर्चीत बस, पाय दुसऱ्या खुर्चीवर, एक पेला पाणी किंवा ताक. पंखा लावता येत नसेल तर खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू पाहिजे. करंज्या भरायच्या तर टेबलाशी बसून. आणि सोऱ्या दाबायचा नाही. तू म्हणालीस ना, पहाटे हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात? या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि मनगटातली नस दाबली जाते, त्याने होतं ते. सोऱ्या पिळणं, घट्ट कणीक तिंबणं याने वाढतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं, पण तोवर मनगटांना विश्रांती दे.

चक्कर येते किंवा जरा कामाने धाप लागते, तर ते नुसतं 'या दिवसांतलं' म्हणून सोडू नकोस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. तुझं हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर घरकामाच्या आधी गोळ्यांकडे बघ. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे.

आता साफसफाई. संडास-बाथरूम दुसऱ्या कुणाकडून करून घे. तुला करावं लागलंच तर दार-खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने. अॅसिड आणि ब्लीच यांची कधीही गाठ घालू नकोस. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो कुणाच्याही छातीत भरेल. झुरळांची फवारणी यंदा दिवाळीआधी करायची ठरली असेल तर पुढे ढकला, किंवा तू तेव्हा इकडे ये आणि घर नीट हवेशीर झाल्यावर जा. कपाटात डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला. पितळ घासायला चिंच आणि मीठ पुरेसं आहे, खुर्चीत बसून घास.

तुमची बिल्डिंग जुनी आहे. भिंतींचे पोपडे खरवडून रंग देणार असाल तर त्या दिवसांत तू घरात नको. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, त्याची धूळ श्वासातून तुझ्यात आणि तुझ्यातून बाळात जाते. बाळाच्या मेंदूला ते फार वाईट. खरवडण्याची धूळ ओल्या फडक्याने पूर्ण पुसून झाल्याशिवाय परत जायचं नाही. तू पुसायची नाही, हे वेगळं सांगत नाही.

खालच्या पोरांना किल्ला करायला माती कालवून देतेस दरवर्षी. यंदा दे, पण हातमोजे घालून, आणि नंतर हात नखांपर्यंत धू. अंगणात मांजरं फिरतात, त्यांच्या विष्ठेतून मातीत एक जंतू येतो, तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. तुळशीची कुंडी बदलतानाही तसंच. पालेभाजी, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून काढ.

आणि अभ्यंगस्नान तूही कर, मन प्रसन्न होतं. फक्त पाणी कोमट, बसून, आणि तेल लावून मोरीत चालत जायचं नाही. तेल मोरीतच बसून लाव. आधी कुणाकडून तरी फरशी साबणाने घासून घे. खाली रबरी मॅट टाक.

नोकरदार बायकांसाठी 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेलं एक कलम आहे. शेवटच्या महिन्यांतल्या ठराविक काळात बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला आपली आई आठवली. तिला कोण असं सांगणार होतं? घरात आपली विनंती आपल्यालाच करावी लागते. म्हणून तुला आग्रहाने सांगतेय, तोंड उघड. 'मला जमत नाहीये' असं म्हणायला लाज वाटत असेल तर 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हण. तुझ्या सासूबाई चांगल्या आहेत. त्यांच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांना सुचत नाही, एवढंच. एकदा त्यांच्याजवळ बसून विचार, तुमच्या वेळी कसं होतं. खूप बोलतील त्या.

काम करताना लाल दिसलं, पाण्यासारखं अंगावरून गेलं, पोट थांबून थांबून दगडासारखं कडक व्हायला लागलं, डोकं फुटायला आलं आणि डोळ्यांपुढे चमकलं, तोंड-हात सुजले, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर घाणा तसाच सोडायचा. गॅस बंद करून निघायचं. पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीची होईल, ती कमी वाटली तरी तसंच. गाडी मिळाली नाही तर 108. मला नंतर फोन कर.

मी वसुबारसेला सकाळच्या गाडीने येतेय. चकल्या मी करीन, सोऱ्या माझा आणते, तू टेबलाशी बसून त्या डब्यात भर. कालचं माळ्यावरचं जे राहिलं असेल ते तसंच राहू दे. आणि ते स्टूल आजच शेजारच्या काकूंकडे ठेवायला दे. त्यांना मी फोन करून सांगितलंय.