जमा केलेला प्रबंध आणि उपलब्ध प्रबंध : शासकीय अर्थसाहाय्यातून झालेल्या मराठी संशोधनाच्या सार्वजनिक उपलब्धतेचा प्रश्न

शासनाच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला विनामूल्य उपलब्ध व्हावे, हा विचार मांडला जातो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, औषधे, बियाणी अशा गोष्टी येतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो आपल्याशी संबंधित वाटत नाही. वस्तुतः मराठी संशोधनाचा सार्वजनिक निधीशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे. तुकारामांच्या अभंगांची जी संहिता आपण 'पंडिती गाथा' या नावाने ओळखतो, ती तत्कालीन मुंबई सरकारने दिलेल्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्यातून सिद्ध झाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून ती संपादित केली आणि इंदुप्रकाश छापखान्याने ती १८६९ व १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. १९५० साली मुंबई सरकारने तिचे पुनर्मुद्रण केले. पुढे १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रकाशित केले. या दोन्ही प्रकल्पांत खर्च शासनाचा, श्रम विद्वानांचे आणि ग्रंथ सर्वांचा, असे नाते होते. ते नियमाने बांधलेले नव्हते. ग्रंथ छापला जाणे हीच त्याची उपलब्धता होती.

विद्यापीठीय प्रबंधाची गोष्ट मात्र निराळी झाली. प्रबंधाच्या चार-पाच प्रती टंकलिखित होत, त्यांपैकी एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधणी होऊन जाई, आणि ती पाहण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठातील अभ्यासकाला प्रवास करून, ग्रंथपालांची परवानगी मिळवून, तेथेच बसून टिपणे काढावी लागत. या प्रबंधांमागेही सार्वजनिक पैसा होताच. मार्गदर्शकाचे वेतन शासन देते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, अलीकडच्या काळात बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या, यांवर अनेक विद्यार्थ्यांचे संशोधन उभे असते. तरीही ज्यांच्या करातून हे घडले त्यांना, एवढेच काय पण शेजारच्या जिल्ह्यातील अध्यापकालाही, तो प्रबंध दिसत नसे.

ही स्थिती नियमाने बदलण्याचा प्रयत्न २००९ साली झाला. आयोगाच्या एम.फिल. व पीएच.डी.विषयक विनियमांत, पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत विद्यापीठाने आयोगाकडे सादर करावी आणि ती 'इन्फ्लिबनेट' या केंद्रात ठेवली जावी, अशी तरतूद आली. २०१६ च्या विनियमांनी त्यात एक महत्त्वाचा फेर केला. प्रत देण्याची वेळ पदवी जाहीर होण्याच्या नंतरची होती, ती त्याच्या आधीची झाली. पदवी हाती पडल्यावर विद्यार्थी व विद्यापीठ या दोघांचाही उत्साह ओसरतो, हा अनुभव या बदलामागे असावा, असा माझा तर्क आहे. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली. प्रबंध जमा करण्याचे बंधन मात्र कायम ठेवले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात आज देशभरातील पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि ते पाहण्यासाठी शुल्क नाही किंवा कोणत्याही संस्थेचे सभासदत्व लागत नाही. नियमाची शब्दयोजना केवळ विद्यापीठे व संस्था यांना उपलब्धता देण्याची आहे. प्रत्यक्ष व्यवहार तिच्याहून उदार आहे. नियमापेक्षा व्यवहार उदार असण्याची उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विनियमांतील हे दायित्व विद्यापीठावर आहे, विद्यार्थ्यावर नाही. विद्यार्थी एक तबकडी किंवा संचिका देतो, संमतिपत्रावर सही करतो आणि मोकळा होतो. विद्यापीठ ती संचिका वर चढवते आणि मोकळे होते. दोघांनीही नियम पाळलेला असतो. प्रश्न असा की, असा पाळलेला नियम आपला हेतू साधतो काय?

काही वर्षांपूर्वी ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रण या विषयावरील एक प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, या विषयावर मराठीत स्वतंत्र संशोधन झालेले नाही, असे ठाम विधान होते. मला मात्र जवळजवळ याच विषयावरील एका संशोधिकेचा प्रबंध आठवत होता. मौखिक परीक्षेत मी तसे विचारले. विद्यार्थी गोंधळला, आपण शोधगंगेवर नीट शोध घेतला होता, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. घरी येऊन मी स्वतः शोधले, तेव्हा तो प्रबंध तेथे होता. त्याचे शीर्षक रोमन लिपीत नोंदवलेले होते आणि त्या लिप्यंतरात 'स्त्री' या शब्दाचा शेवट 'आय'ने न होता दोन 'ई'नी झाला होता. विद्यार्थ्याने शीर्षक देवनागरीत टाकून पाहिले होते, नंतर रोमनमध्ये 'आय' वापरून. आतील मजकूर जुन्या टंकातला असल्यामुळे मजकुरावरून शोध लागण्याची शक्यताच नव्हती. त्या मुलाची चार वर्षे आणि शासनाची चार वर्षांची अधिछात्रवृत्ती अंशतः आधीच झालेल्या कामावर खर्च झाली होती. दोन्ही विद्यापीठांनी नियम तंतोतंत पाळलेला होता.

हा टंकाचा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, परंतु आपल्याकडील अक्षरजुळणी त्यानंतरही दीर्घकाळ जुन्या टंकांवर चालली आणि काही ठिकाणी आजही चालते. या टंकांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. 'क' हे केवळ त्याला चढवलेले रूप. कागदावर छापून घ्यायचे असेल तोवर काही बिघडत नाही. पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन पुंजका हाती येतो. शोधयंत्रालाही तेवढेच दिसते. स्कॅन केलेल्या प्रबंधात तर मजकूरच नसतो, असतात ती पानांची छायाचित्रे. असा प्रबंध डोळ्यांनी वाचता येतो, शोधता येत नाही. आणि अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला तो मुका असतो. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे की, वाङ्मयचौर्य तपासणारी आज्ञावली अशा मजकुरासमोर हतबल होते. २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. जुन्या टंकातील मराठी प्रबंधाचे साम्य शून्याच्या आसपास येते, आणि ते प्रमाणपत्र प्रबंधाला अभिमानाने जोडलेले असते!

युनिकोडमध्ये टंकलेखन केले म्हणजे सारे संपते, असेही नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद मराठीचा स्वतःचा आहे. हा दुसरा, अर्ध्या रकाराचा लेखनप्रकार 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन साधावा लागतो. ज्याला ते ठाऊक नाही तो दिसायला जवळचे काहीतरी वापरून वेळ मारून नेतो आणि शब्द शोधातून निसटतो. लिप्यंतराची अनवस्था याहून मोठी. 'ज्ञानेश्वरी' हे नाव रोमनमध्ये कोणी 'डी-एन-वाय'ने आरंभतो, कोणी 'जे-एन'ने, हिंदीच्या प्रभावाखाली कोणी 'जी-वाय'ने. तिन्ही रूपे आपापल्या परीने समर्थनीय आहेत, आणि म्हणूनच घातक आहेत. यावर उपाय अवघड नाही. नोंद करताना मूळ शीर्षक शुद्ध देवनागरीत द्यावे, त्याखाली इंग्रजी भाषांतर द्यावे आणि अभ्यासविषय झालेल्या ग्रंथाची व ग्रंथकाराची नावे सूचक शब्दांत दोन्ही लिपींत घालावीत. ही नोंद बहुधा ग्रंथालयातील कर्मचारी करतात. त्यांना मुखपृष्ठावर जे दिसते तेच ते लिहिणार. म्हणून नोंदीचा मसुदा मार्गदर्शकाने स्वतः पाहून द्यावा. गोषवाऱ्यातील प्रत्येक वाक्य आपण तपासतो, मग ज्या चार ओळींवर प्रबंधाचे सापडणे अवलंबून आहे त्या कोणावरही का सोडाव्यात?

मराठीचे विद्यार्थी प्रबंध खुला करण्यास कचरतात, त्यामागे प्रताधिकाराविषयीचे भय असते. हे भय काही अंशी खरे आणि बरेचसे निराधार आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार वाङ्मयीन कृतीवरील अधिकार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. मर्ढेकर १९५६ साली निवर्तले. त्यांच्या कवितेवरील प्रताधिकार २०१६ अखेर संपला. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ सालचे, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ अखेरपर्यंत संरक्षण आहे. मात्र संरक्षण आहे म्हणून अवतरण निषिद्ध ठरत नाही. त्याच कायद्याचे ५२ वे कलम टीका व समीक्षेसाठी केलेल्या उचित वापरास मुभा देते. कवितेच्या ओळी उद्धृत करून त्यांचे विश्लेषण करणे हे समीक्षेचे कामच आहे. अडचण येते ती परिशिष्टांत. कवीच्या पंधरा-वीस कविता संपूर्ण छापणे, किंवा त्याने कोणाला लिहिलेली अप्रकाशित पत्रे जोडणे, याला समीक्षेचे छत्र पुरत नाही. पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या मालकीचा असला, तरी मजकुरावरील अधिकार लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो. लोकसाहित्याच्या प्रबंधांत आणखी एक जबाबदारी येते. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या बाईने आपल्या घरातील दुःख विद्यार्थिनीला विश्वासाने सांगितलेले असते. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात असताना जे नाव व गाव चार जणांनाच दिसत होते, ते आता तिच्या नातवालाही भ्रमणध्वनीवर दिसेल. येथे संमती आधी, लेखी आणि तिला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे. याबाबत आपल्या विभागांतून अक्षम्य हलगर्जी होते, असे मला खेदाने म्हणावे लागते.

दुसरे भय प्रकाशकाचे. प्रबंध आधीच खुला असेल तर पुस्तक कोण छापणार, असे विद्यार्थी विचारतात. प्रबंध जसाच्या तसा छापणारा प्रकाशक चांगला नव्हे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर कायद्यात आहे. अधिकाराचे हस्तांतरण लेखी असल्याखेरीज वैध नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आपल्याकडील पुष्कळसे व्यवहार तोंडी होतात. लेखकाला वाटते, आपण सर्व काही देऊन बसलो. प्रत्यक्षात त्याने कायदेशीरपणे काहीच दिलेले नसते. करार होणारच असेल तर 'मूळ प्रबंध विद्यापीठाच्या नियमानुसार सार्वजनिक संग्रहात राहील' हे एक वाक्य त्यात घालून घ्यावे. सही झाल्यावर ते घालता येत नाही.

प्रबंधाखेरीज संशोधन प्रकल्पांतून निघणारे निबंध उरतात. त्यांबाबत मराठीसाठी प्रबंधासारखा स्पष्ट नियम नाही. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान या विभागांनी २०१४ साली धोरण केले. त्यात नियतकालिकाने स्वीकारलेली लेखकाची अंतिम प्रत खुल्या संग्रहात ठेवण्याची अपेक्षा आहे, पण ते त्या विभागांच्या अनुदानापुरते. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००५ साली हेच आवाहन ऐच्छिक स्वरूपात केले होते. ऐच्छिक असल्यामुळे प्रतिसाद तोकडा आला आणि २००८ पासून ते बंधनकारक करावे लागले, तरी बारा महिन्यांचा विलंब प्रकाशकांना मिळाला. २०२२ च्या निर्देशाने तो विलंब संपवण्याचे ठरले आणि १ जुलै २०२५ पासून त्या संस्थेने तो रद्द केला. आपल्या केंद्र शासनाने २०२४ च्या नोव्हेंबरात 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठी तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तिने शासकीय संस्थांतील विद्यार्थी-अध्यापकांना तीस मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके मिळतात. परंतु तो वाचनाचा हक्क विकत घेण्याचा मार्ग आहे. संस्थेबाहेरच्या वाचकाला आणि मराठी नियतकालिकाला त्याचा उपयोग नाही. मराठीत वर्गणीच्या भिंती उंच नाहीत. येथे नियतकालिकाचे जुने अंकच मिळत नाहीत, ही भिंत आहे. लेखकाने आपल्या निबंधाची युनिकोडमधील प्रत प्रकाशनानंतर विद्यापीठाच्या संग्रहात ठेवावी, यासाठी कोणा परदेशी निर्देशाची वाट पाहण्याची गरज नाही. संपादकाचे एक संमतिपत्र पुरते.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला परीक्षकांनी आढाव्याचे प्रकरण पुन्हा लिहिण्यास सांगितले. त्याने त्या संशोधिकेचा पत्ता शोधून काढला. निवृत्त झालेल्या या बाईंकडे मूळ टंकसंचिका एका जुन्या तबकडीवर शिल्लक होती. दोघांनी मिळून ती युनिकोडमध्ये उतरवली, शीर्षक देवनागरीत केले आणि सुधारित प्रत घेऊन त्या आपल्या विद्यापीठाकडे गेल्या. नियमानुसार प्रबंध एकदाच जमा होतो, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.