सरासरीमागील विषमता

पांच शेतकऱ्यांस ज्वारी एकरीं २, ३, ३, ४ आणि १८ क्विंटल झाली असें समजा. सरासरी ६ भरते. परंतु चौघांस तितकें पीक मिळालेंच नाहीं. विहिरीवरील एका शेतानें आंकडा वर ओढला. ह्या एकांगी कलास विषमता म्हणतात.

कार्ल पिअर्सन ह्यांनीं १८९५ सालीं तिचें माप सांगितलें. सरासरींतून सर्वांत अधिक वेळां येणारा आंकडा, येथें ३, वजा करावा; बाकीस आंकड्यांच्या फैलावानें, म्हणजे प्रमाण विचलनानें, येथें सुमारें ६, भागावें. उत्तर सुमारें अर्धा. भागाकारांत एकक उडून जातें. म्हणून हवेचा दाब, खेकड्यांचीं मापें, घरांचें मूल्य, सर्वांस हें माप सारखेंच लागू पडतें.

महसुली दप्तरांत मी सरासऱ्याच मांडीत आलों. पैसेवारी ठरतांना शेतकरी बंधूंनीं मात्र मधला आंकडाही विचारावा. नाहीं तर चौघांचें नुकसान एकाच्या सुगीखालीं झांकलें जातें.