कार्यालयाची ‘क्षमता ८००’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : धाकट्या मुलीचं लग्न येत्या मार्गशीर्षात करायचं आहे. आम्ही साताऱ्याचे, सहाशेच्या आसपास माणसं होतील. दोन जागा पाहून आलो. एक गावातलं जुनं मंगल कार्यालय, दुसरं महामार्गालगतचं नवं लॉन. दोन्हीकडे ‘क्षमता ८००’ असंच सांगितलं. पण कार्यालय तर लॉनच्या निम्मंसुद्धा वाटत नाही. मग हा आकडा काढतात कसा? मुलीला लॉन आवडलंय, यांना कार्यालय. मी कोणाच्या बाजूने उभी राहू?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, तो आकडा बहुतेक वेळा खुर्च्यांचा असतो, आणि खुर्च्या मोजायची रीत प्रत्येकाची वेगळी. कोणी फक्त सभागृहातल्या मोजतं, कोणी गॅलरी आणि अंगण त्यात मिळवतं, कोणी दिवसभरात येऊन जाणारी सगळी माणसं धरतं. त्यामुळे दोन ठिकाणचे ८०० एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही वेगळंच विचारा : “एका पंगतीला किती पानं बसतात?”

हिशेब मांडून बघा. समजा, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे. अक्षता पडल्या, पहिली पंगत पावणेएकच्या पुढे बसली. वाढप, जेवण, मग टेबलं पुसून नवी पानं मांडणं, यात पाऊण तासाच्या वरच जातं, पन्नास मिनिटं धरा. दालनात २०० पानं बसत असतील तर सहाशे माणसांच्या तीन पंगती होतात आणि शेवटची उठते सव्वातीनला. १५० पानं असतील तर चार पंगती, म्हणजे चार वाजले. आणि त्यानंतर घरची माणसं, विहिणी, नवरानवरी! पाचला कार्यालय सोडायचं असेल तर मुलीची पाठवणी घाईत होते. चौथ्या पंगतीपर्यंत ताटकळणारे असतात ते आपलेच : काका, मामा, सकाळपासून राबणारी भाचरं. त्यांतल्या कोणाला मधुमेह असतो, कोणाची गोळी चुकते.

बुफे ठेवलात तरी गणित सुटत नाही. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशा एका टेबलावरून मिनिटाला सहा-आठ माणसं पुढे सरकतात. सहाशे माणसांना एकच टेबल म्हणजे सव्वा ते पावणेदोन तासांची रांग. टेबलं किती मांडणार, हे आधी ठरवून घ्या.

जेवणाच्या दालनाचा मी इतका आग्रह धरते त्याला कारण आहे. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात स्टेज फार देखणं होतं, पण जेवण दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती ती आचाऱ्यांची भांडी वर न्यायला. आजीचे गुडघे अधू. तिचं ताट खाली सभागृहात आणून दिलं आणि ती रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी जेवली. वर पंगतीत नातीने घेतलेला उखाणा तिला ऐकायला मिळाला नाही. ही गोष्ट ती पुढे कितीतरी दिवस बोलून दाखवायची. त्या दिवसापासून मी कुठलंही कार्यालय पाहायला गेले की स्टेजकडे शेवटी जाते. आधी जिने बघते, मग पंगतीची जागा, मग स्वच्छतागृह. तिथे कमोड आहे का, आणि तो वधूवरांच्या खोल्यांतच आहे की पाहुण्यांनाही आहे, हेही बघते.

तुम्हाला माझं मुख्य सांगणं एवढंच : दोन्ही जागा रिकाम्या पाहून ठरवू नका. तिथे दुसऱ्या कोणाचं लग्न असेल त्या दिवशी, व्यवस्थापकांना सांगून, दुपारी दीडच्या सुमाराला पंधरा मिनिटं जाऊन या. रिकामं कार्यालय सगळंच छान दिसतं. भरल्या कार्यालयात कळतं की मंगलाष्टकं मागच्या रांगेत ऐकू येतात की नुसती घुमतात, खरकटं कुठे साठतं, हात धुवायला किती नळ आहेत, पाहुणे गाड्या कुठे लावतात. शक्य झालं तर सकाळी सहालाही एक चक्कर टाका. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असलं की वऱ्हाड मुक्कामाला असतं, आणि मार्गशीर्षातल्या साताऱ्याच्या थंडीत पन्नास-साठ माणसांना आंघोळीचं गरम पाणी पुरतं का, हे त्याच वेळी दिसतं.

विधींना जागा लागते हे हल्ली बांधणारेही विसरतात. गौरीहर पुजत बसलेल्या मुलीला स्टेजजवळच थोडा शांत कोपरा हवा. रुखवत मांडायला भिंतीलगत लांब टेबल हवं. आणि सर्वांत महत्त्वाचं, होम कुठे करायचा? वातानुकूलित हॉलमध्ये धुरामुळे पुष्कळदा होमाला मनाई असते, किंवा लाजाहोम आणि सप्तपदी बाहेरच्या व्हरांड्यात उरकायला सांगतात. हे लग्नाच्या दिवशी गुरुजींना कळण्यापेक्षा आजच विचारा.

आता आगीबद्दल. शुभकार्यात हा विषय नको वाटतो, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या मंडी डबवाली इथे एका शाळेचं स्नेहसंमेलन विवाह सभागृहाच्या आवारातल्या मांडवात चालू होतं. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं, बाहेर पडायची वाट अपुरी, आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. २००४च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या श्रीरंगम इथे लग्न चालू असतानाच मांडवाला आग लागली, त्यात पन्नासच्या वर माणसं दगावली, नवरदेवही वाचला नाही. दोन्हीकडे वर कापड किंवा झावळ्या आणि खाली विजेच्या तारा होत्या. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६चा कायदा आहे. त्यानुसार आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुम्ही मुलीची आई आहात, ते दाखवा म्हणायला संकोचू नका. आणि दुसरं दार कुठे आहे ते बघा. त्या दारापुढे खुर्च्यांच्या थप्प्या किंवा सजावटीची कमान असेल तर ते दार नाहीच असं समजा.

पैशाचं थोडक्यात. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय का, वीज मीटरप्रमाणे की ठोक, जनरेटरचं डिझेल कोणाचं, बाहेरचा आचारी आणला तर रॉयल्टी किती, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा. हे सगळं पावतीवर लिहून घ्या, मगच डिपॉझिट भरा.

राहिला तुमच्या घरातला वाद. लॉनवर फोटो सुरेख येतात आणि मुलीची हौस मला कमी महत्त्वाची वाटत नाही. पण भर दुपारी उघड्यावर ऊन लागतं, आणि अवकाळी पाऊस आता कुठल्याच महिन्याला वर्ज्य राहिलेला नाही, म्हणून आडोशाला पक्कं छत किती माणसांपुरतं आहे ते विचारा. त्याहून मोठी काळजी रस्त्याची. गाड्या पलीकडे लावून नऊवारीतल्या बायका, कडेवर पोरं घेतलेली माणसं महामार्ग ओलांडताना मी पाहिली आहेत. लॉनचं पार्किंग त्याच बाजूला, सर्व्हिस रोडने येण्याजोगं नसेल तर ते सोडून द्या. कोरेगाव, वाई, कराडकडून एसटीने येणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना स्टँडपासून गावातलं कार्यालय केव्हाही सोयीचं.

म्हणून मी तुमच्या यजमानांच्या बाजूने, पण एका अटीवर : कार्यालयात पंगतीला २०० पानं बसली पाहिजेत आणि ती तळमजल्यावर. मुलीसाठी आदल्या संध्याकाळी लॉनवर हळदीचा नाहीतर संगीताचा कार्यक्रम ठेवता येईल. तिथे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा. उघड्या जागेसाठी तो नियमच आहे, आणि शेजारी कोणाची तरी दहावी-बारावी चालू असतेच.

प्रश्न : आधी मुहूर्त काढावा की आधी कार्यालय बघावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गुरुजींकडून एकच नव्हे, तीन-चार तारखा घ्या आणि त्या घेऊन कार्यालयांत फिरा. तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांचीच धावपळ सुरू होते, पुढे पौषात बरेच जण लग्न करत नाहीत, त्यामुळे मधल्या मोजक्या तिथींवर झुंबड उडते. मनाजोगती जागा एखाद्या आडवारी मिळत असेल तर काढीव मुहूर्ताबद्दल गुरुजींशी मोकळेपणाने बोला. फक्त तारीख पक्की करण्याआधी व्याह्यांना फोन करा. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात दुसरं कार्य निघालं की भरलेलं डिपॉझिट परत मिळवताना फार त्रास होतो.