डोंगरउतारावरच्या शेताला नदीचे पाणी: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : पाटण तालुक्यात कोयना नदीपासून साधारण 25 मीटर उंचीवर आमची अडीच एकर शेती आहे. उसासाठी किती अश्वशक्तीची मोटर घ्यावी?
– एक शेतकरी, जि. सातारा

उत्तर : मोटर शेवटी ठरवा, आधी पिकाची तहान मोजा. उन्हाळ्यात वाढीच्या उसाला रोज 6 मिलिमीटर पाणी धरू. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. म्हणून अडीच एकराला रोज 60 हजार लिटर लागतात. पाटाने दिल्यास जवळपास निम्मे वाया जाते आणि उपसा 1 लाख 10 हजारांवर जातो. ठिबकने 67 हजारांत भागते.

ठिबकला 25 मीटर चढ, पाइपातले घर्षण 5 मीटर आणि दाबासाठी 10 मीटर, असा एकूण 40 मीटर हेड धरा. 5 अश्वशक्तीची मोटर तिथे तासाला सुमारे 17 हजार लिटर देईल. चार तासांत काम होते आणि वीज गेली तरी सवड उरते.

उपशासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. शेजाऱ्यांसह सामाईक योजना केल्यास पाइपलाइनचा खर्च वाटला जातो. खानापूर तालुक्यातील बलवडीच्या बळीराजा धरणाने समन्यायी पाणीवाटपाचा धडा घालून दिला आहे. खाली कृष्णेवर टेंभू योजना दुष्काळी आटपाडीपर्यंत पाणी उचलते. नदीचे पाणी खालच्या दुष्काळी भागालाही पुरायला हवे, म्हणून सगळ्या अडीच एकरांत ऊस न लावता निम्म्यात भुईमूग, भाजीपाला घ्या.