लघवीची धार बारीक झाली तर

गावात कुणाचा पाय मोडला तर तो चारचौघांत सांगतो. ताप आला तरी सांगतो. पण लघवीला त्रास होऊ लागला की माणूस गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, मुलालाही सांगत नाही. रात्री चार-चार वेळा उठतो आणि मनाशी म्हणतो, "वय झालं, चालायचंच."

हे गप्प बसणं फार महागात पडतं. म्हणून आम्ही हा पाठ उघडपणे लिहीत आहोत. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने तो वाचावा. घरातल्या बायामाणसांनी आणि मुलांनीही वाचावा. म्हातारा माणूस रात्री किती वेळा उठतो, ते घरच्यांना ठाऊक असतं.

ही ग्रंथी कुठे असते?

आपल्या ओटीपोटात लघवीची पिशवी असते. पुस्तकात तिला मूत्राशय म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांत, म्हणजे किडन्यांत, लघवी तयार होते आणि थेंबाथेंबाने या पिशवीत उतरते. पिशवीच्या तोंडाशी पुरुषांना एक लहान ग्रंथी असते. तिचं नाव प्रोस्टेट. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वजन साधारण २० ग्रॅम. तिच्यातला रस वीर्यात मिसळतो.

लघवीची नळी या ग्रंथीच्या मधून बाहेर येते. चाळिशीनंतर ग्रंथी हळूहळू वाढू लागते. साठीच्या पुढे निम्म्याहून अधिक पुरुषांत ती वाढलेली सापडते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण ती आतल्या बाजूला वाढली की नळी दाबली जाते.

शेतातल्या पाटाच्या दोन्ही कडा आत ढासळल्या तर काय होतं? पाणी बारीक येतं, अडत अडत येतं आणि मागे तुंबतं. इथेही तसंच होतं. लघवीची पिशवी जोर लावून लावून थकते. शेवटी सैल पडते. मग लघवी आत शिल्लक राहू लागते. त्या शिल्लक लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात. ताण पार किडनीपर्यंत पोचतो. किडनी बिघडली की जिवावर बेततं.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण याच ग्रंथीत कॅन्सर वेगळा होऊ शकतो. दोन्हींतला फरक आपला आपल्याला कळत नाही. म्हणून तपासणी हवी.

खुणा ओळखा

१. लघवीची धार बारीक होते.
२. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, कुंथावं लागतं.
३. धार मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते.
४. शेवटी थेंब थेंब गळतं, कपडे ओले होतात.
५. रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं.
६. लघवी करून आलं तरी पोट मोकळं झालं असं वाटत नाही.

लघवीतून रक्त गेलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीला आग होऊ लागली, तर वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

लघवी एकदम तुंबली तर

कधी कधी लघवी अचानक बंद होते. पोट फुगतं, कळा येतात, थेंबही उतरत नाही. अशा वेळी रात्र असो की दिवस, दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते. डॉक्टर बारीक रबरी नळी घालून लघवी काढतात. माणसाला तेवढ्याने हायसं वाटतं.

"भरपूर पाणी प्या म्हणजे जोर येईल," असं कुणी सांगेल. ते ऐकू नका. तुंबलेल्या पाटात आणखी पाणी सोडल्यासारखं ते होईल. घरी काडी, तार, नळी घालू नका. आत जखम होते.

ग्रंथी वाढलेली असली तर सर्दीच्या काही गोळ्यांनी, दारूने किंवा परसाकडे साफ न झाल्याने लघवी अडू शकते. दुकानातून सर्दीची गोळी आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काहींची लघवी दुखल्याशिवायच तुंबते. पिशवी भरून वाहते आणि अंथरूण ओलं होतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला भान राहिलं नाही. त्यांना रागावू नका. दवाखान्यात न्या.

वहीत लिहून ठेवा

आता आपल्याला लिहिता येतं. त्याचा इथे मोठा उपयोग आहे. डॉक्टर विचारतात, "किती वेळा जाता?" आपण सांगतो, "जातो आपला, बऱ्याचदा." त्यावरून डॉक्टरांना काय कळणार? त्यापेक्षा तीन दिवस आणि तीन रात्री वहीत टिपून ठेवा. लघवी मोजायला एक माप वेगळं ठेवा. असं लिहा:

सकाळी ६ वाजता – लघवी २०० मिली
सकाळी ७ वाजता – चहा १ कप
रात्री १ वाजता – लघवी १५० मिली, झोपेतून उठून

ही वही बरोबर न्या. आपण घेतो त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या.

डॉक्टर काय तपासतात?

लघवी आणि रक्त तपासतात. रक्तावरून किडनीचं काम कळतं. पीएसए नावाची एक रक्ततपासणी असते. तिच्यावरून कॅन्सरचा संशय घ्यायचा की नाही हे ठरवायला मदत होते. सोनोग्राफीत ग्रंथी केवढी आहे आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते, ते दिसतं. डॉक्टर मोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. याची लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण काम मिनिटभराचं आहे. ग्रंथी मऊ आहे की कडक, हे त्यातून कळतं.

आधी गोळ्या

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करायला सांगतात. दिवसाचं पाणी मात्र तोडू नका.

गोळ्या मुख्यतः दोन जातींच्या. एक जात नळीभोवतीचे स्नायू सैल करते. तिचा गुण काही दिवसांत दिसतो. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी जरूर सांगा. दुसरी जात ग्रंथी लहान करते. तिला गुण यायला सहा महिने लागू शकतात. महिन्याभरात "गुण नाही" म्हणून सोडू नका.

ऑपरेशन कधी लागतं?

गोळ्यांनी भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, पिशवीत खडे झाले असतील, रक्त किंवा जंतूंचा त्रास परत परत होत असेल, किंवा किडनीवर ताण आला असेल, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. किडनीवर ताण आल्यावर चालढकल करू नये. थकलेली पिशवी फार उशीर झाला तर पुन्हा नीट जोर धरत नाही. मग ऑपरेशन चांगलं होऊनही लघवी मोकळी होत नाही.

पूर्वीचं आणि आताचं

पीटर फ्रेयर नावाचे एक आयरिश डॉक्टर होते. त्यांनी हिंदुस्थानात बरीच वर्षं सरकारी नोकरी केली. इथे त्यांनी मूतखड्याची पुष्कळ ऑपरेशनं केली. पुढे लंडनला गेल्यावर १९०० साली त्यांनी ओटीपोट चिरून, पिशवी उघडून, आतून ही वाढलेली ग्रंथी काढली. त्यांची पद्धत जगभर पसरली. १९४५ साली टेरेन्स मिलिन यांनी पिशवी न उघडता पुढच्या बाजूने ग्रंथी काढण्याची रीत सांगितली. पोट चिरायचं ऑपरेशन आजही होतं, पण ग्रंथी फार मोठी असेल तर.

आता बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. पोटावर चीर नसते, टाका नसतो.

दुर्बिणीचं ऑपरेशन असं होतं

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण आत घालतात. तिच्या टोकाला तारेची छोटी कडी असते. तारेत वीज सोडून डॉक्टर आतून ग्रंथीचे पातळ काप काढतात. पाटाच्या ढासळलेल्या कडा फावड्याने तासाव्यात, तसं ते काम आहे. बाहेरचं कवच तसंच ठेवतात. काप पाण्याने धुऊन बाहेर काढतात. हे काम साधारण तासाभराचं असतं. त्यानंतर एक ते तीन दिवस लघवीची नळी ठेवतात.

लेझरनेही हेच काम करता येतं. लेझर म्हणजे एका जागी एकवटलेला प्रखर प्रकाश. होल्मियम लेझरने वाढलेला भाग कवचापासून सुटा करतात, संत्र्याच्या फोडी सालीपासून सोडवाव्यात तसा. मग तो पिशवीत बारीक करून बाहेर काढतात. ग्रंथी ८० ग्रॅमच्या पुढे गेली असली तरी हे जमतं, आणि रक्त कमी जातं. दुसऱ्या एका लेझरने वाढलेल्या भागाची वाफ करतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना तो कधी कधी सोयीचा पडतो.

आणखी लहान उपायही निघाले आहेत. एकात दुर्बिणीतून बारीक टाचण्या बसवून ग्रंथी दोन्ही बाजूंना ओढून धरतात. दुसऱ्यात ग्रंथीत पाण्याची वाफ सोडतात. मग ती काही आठवड्यांत आकसते. तिसऱ्यात जांघेच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक कण सोडून ग्रंथीचं रक्त कमी करतात. यांत त्रास कमी होतो. पण गुणही दुर्बिणीच्या ऑपरेशनाइतका भरघोस नसतो, आणि पुढे पुन्हा उपचार लागण्याचा संभव जास्त असतो. हे उपाय सगळीकडे मिळत नाहीत आणि प्रत्येकाला लागूही पडत नाहीत.

मग यांत चांगलं कोणतं? ग्रंथी केवढी, माणसाचं हृदय कसं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, डॉक्टरांचा हात कशात बसला आहे, यावर ते ठरतं. शेजाऱ्याचं लेझरने झालं म्हणून आपलंही लेझरनेच व्हावं, असा हट्ट धरू नये.

लोक विचारतात

"ऑपरेशनाने पुरुषपण जातं का?" बहुतेकांचं जात नाही. पण दुर्बिणीच्या आणि लेझरच्या ऑपरेशनानंतर पुष्कळांचं वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय होत नाही. मूल हवं असेल तर मात्र हे डॉक्टरांशी आधी बोला. ताठरपणा कमी होण्याचा धोका थोडा असतो. तोही विचारून घ्या.

"लघवी कायमची गळत राहील का?" थोडे दिवस घाई होते, थोडी गळते. कायमची गळणं क्वचित होतं.

"ग्रंथी पुन्हा वाढते का?" कवच राहतं, म्हणून काही वर्षांनी काहींची वाढते. त्या कवचात पुढे कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावं. काढलेले काप तपासायला पाठवतात. तो कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

घरी आल्यावर

पाणी पुरेसं प्या. लघवी काही दिवस लालसर होते. दहा-बारा दिवसांनी खपली निघून पुन्हा थोडी लाल होऊ शकते. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला, तर लगेच दवाखान्यात जा. चार ते सहा आठवडे पोतं उचलू नका, नांगर धरू नका, सायकल आणि मोटारसायकल चालवू नका. परसाकडे कुंथू नका. ऑपरेशन तातडीचं नसेल तर पेरणी-सुगी बघून, घरच्यांशी बोलून दिवस ठरवा. नळी लावून घरी पाठवलं असेल तर तिची पिशवी कमरेच्या खालीच ठेवा.

अंगठा नको, सही करा

ऑपरेशनाआधी दवाखान्यात संमतीपत्र देतात. पूर्वी आपण त्यावर न वाचता अंगठा उमटवत होतो. आता वाचा. अडलेला शब्द विचारा. कोणतं ऑपरेशन, भूल कोणती, धोका काय, खर्च किती, हे कळल्यावरच सही करा. सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या.

धार बारीक झाली, तर लाज सोडा. आज घरी एकाला तरी सांगा.

नवे शब्द

मूत्राशय – लघवीची पिशवी
मूत्रपिंड – किडनी
ग्रंथी – शरीरात रस तयार करणारा भाग
संमतीपत्र – "मला कबूल आहे" असं लिहिलेला कागद

प्रश्न

१. प्रोस्टेट वाढली की लघवी बारीक का होते?
२. लघवी एकदम तुंबली तर काय करावं? काय करू नये?
३. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना कोणती गोष्ट सांगावी?
४. संमतीपत्रावर सही करण्याआधी कोणत्या चार गोष्टी विचाराल?

लिहा

आपल्या वहीत एका दिवसाचा तक्ता आखा. वेळ, प्यायलेलं पाणी आणि लघवी, असे तीन रकाने करा.