समुद्राचं पाणी आणि शेजारची अणुभट्टी

प्रश्न : आम्ही मनामात राहतो. बहरीनमध्ये अणुवीज केंद्र नाही, पण आमचं पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्रातूनच येतं. शेजारच्या केंद्रांचे परवाने वाढवताना पर्यावरण तपासतात का?

उत्तर : अमिरातीतल्या बराका केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीला २०२० मध्ये थेट ६० वर्षांचा परवाना मिळाला. त्यामुळे नूतनीकरण दूर आहे. तोवर भिस्त किरणोत्साराच्या नियमित मोजणीवरच.

तुलनेसाठी पाहा : भारतात तारापूरच्या अणुवीज केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळ एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांचा परवाना देतं, दर १० वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा होतो. परिसरातल्या पाण्यातला, माशांतला, दुधातला किरणोत्सार प्रयोगशाळा तपासते. नागरिकांसाठी किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट.

एक लक्षात ठेवा : पाणी उकळून किरणोत्सार जात नाही. आणीबाणीत सरकारी सूचनाच पाळा.