जुनी होडी घेताय? आधी कागद, मग विसार



आपल्याकडं समुद्र नाही, पण हिडकलचं धरण आहे, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आहेत. कुणाचे पाहुणे मालवणला, कुणाचे कारवारला. तिकडची जुनी फायबर होडी स्वस्तात मिळते म्हणून घेतली जाते आणि मग विचारणा येते, "होडी दारात आहे, कागद नाहीत, आता काय करायचं?"

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ताबा म्हणजे मालकी नव्हे. १९३० च्या मालविक्री कायद्यातलं कलम २७ साधारणपणे असं सांगतं की विकणाऱ्याकडं जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. होडी चोरीची निघाली तर होडीही जाते, पैसेही जातात.

आता क्रमानं काय करायचं ते बघा.

१) नंबर बघा. समुद्रातल्या बोटीवर नोंदणी नंबर रंगवलेला असतो. तो, इंजिनचा नंबर आणि लांबी-रुंदी लिहून घ्या, फोटो काढा. नंबर खरवडलेला दिसला तर व्यवहार तिथंच थांबवा.

२) नोंद कुणाच्या नावावर आहे ते काढा. ज्या राज्यात नोंद, त्या राज्याच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात विचारा. समुद्री बोटींची नोंदणी आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन पोर्टलवरून होते. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून आले, तेव्हापासून तपासणी कडक झाली आहे.

३) तुटलेली साखळी जोडा. पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला तोंडी विकली आणि तिसरा तुम्हाला विकतोय, असं असेल तर नोंदीतल्या मूळ मालकाला गाठा. त्याच्याच सहीनं स्टँप पेपरवर विक्रीपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, नोटरी करा. मूळ कागद हरवले असतील तर नक्कल मागणारा अर्जही त्यानंच करायचा. तो वारला असेल तर वारसाचा कागद आणि सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत. एका भावाची सही पुरत नाही.

४) बोजा तपासा. बँकेचं, सोसायटीचं किंवा एनसीडीसीचं कर्ज बाकी असेल तर फेडल्याचा दाखला आधी, पैसे नंतर.

५) नोंद कधी झालीच नसेल तर बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला आणि बिल शोधा. इंजिनचं बिल वेगळं असतं, तेही घ्या.

६) मूळ मालक सापडतच नसेल तर वकिलाला भेटा. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली मालकी ठरवून घेण्यासाठी दिवाणी कोर्टात दावा करता येतो. त्याला वेळ आणि पैसा लागतो. "मीच मालक" असं स्वतःचं ॲफिडेव्हिट करून मालकी होत नाही. तसले कागद करून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

धरणात वल्ह्यानं चालवायची होडी असली तरी विक्रीपत्र कराच. उद्या विमा, कर्ज किंवा अनुदान मागताना होडी तुमची कशावरून, हे विचारणारच. आणि घरातला कर्ता माणूस गेला तर बायका-पोरांच्या हातात तेवढाच कागद राहतो.

विसार द्यायच्या आधी होडीचे फोटो आणि असतील ते कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. बसून बघूया.

आपला,
सचिव